न प्यालेल्या दारूची चौकशी

रत्नदीप थूल यांनी जन्मात दारूचा थेंब घेतला नव्हता. हे वाक्य पुढे त्यांना इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगावं लागलं की शेवटी शेवटी ते स्वतःच्याच तोंडून ऐकताना त्यांना ते खोटं वाटायला लागलं. खरी गोष्ट एकदा सांगितली तर खरी वाटते. दहादा सांगितली की माणूस काहीतरी लपवतोय असा वास यायला लागतो.

रत्नदीप कुरणखेड्याचे ग्रामसेवक. सरकारनं या पदाचं नाव बदलून ग्रामपंचायत अधिकारी केलं आहे, पण गावानं तो आदेश अजून स्वीकारलेला नाही. राहायला पुलगावात, घरात बायको पौर्णिमा, ती शाळेत शिकवते, आणि आई कमलाबाई. कमलाबाई वस्तीतल्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. आपला वर्धा जिल्हा दारूबंदीचा जिल्हा आहे, म्हणजे इथं दारूचं दुकान नाही. बाकी सगळं आहे. त्या बाकीच्याचा बंदोबस्त करण्याचं काम पोलिसांच्या खालोखाल कमलाबाईंकडे होतं. त्या हातात काठी घेऊन ज्या गल्लीत शिरत, त्या गल्लीतली मोहाची हंडी आपणहून नालीत उतरत असे.

अशा घरातल्या माणसावर दारूचा आळ यावा, हा प्रकार घडला तो एका पांदणीमुळे.

पांदण म्हणजे दोन शेतांमधून जाणारी गाडीवाट. नकाशात ती बैलगाडी जाईल एवढी रुंद असते, आणि प्रत्यक्षात दोन्हीकडचे शेतकरी दरवर्षी धुरा, म्हणजे शेताचा बांध, थोडा थोडा सरकवून तिला बकरी जाईल एवढी करून ठेवतात. जानेवारीतल्या एका दुपारी रत्नदीप तिचं मोजमाप घ्यायला गेले. सोबत ग्रामपंचायतीचा शिपाई गोमाजी मसराम. टेपचं एक टोक गोमाजीच्या हातात, दुसरं रत्नदीपच्या. मध्ये बाभळीवर चढलेला एक वेल आडवा येत होता. त्याला मखमली, तपकिरी शेंगा लटकलेल्या.

"साहेब, त्याले हात नका लावू," गोमाजी पलीकडून म्हणाला.

पण तोवर साहेबांनी वेल ओढला होता, आणि त्याच वेळी वारा सुटला.

खाजकुयरी ज्याला ठाऊक आहे त्याला पुढचं सांगायची गरज नाही, आणि ज्याला ठाऊक नाही त्याला सांगून उपयोग नाही. तिच्या शेंगांवरची बारीक कुसं डोळ्याला दिसत नाहीत, पण अंगावर पडली की माणूस आपलं शिक्षण, हुद्दा आणि आजूबाजूची वर्दळ या तिन्ही गोष्टी एकदम विसरतो. रत्नदीप पांदणीतून डांबरी रस्त्यावर आले ते चालत आले असं म्हणता येणार नाही. त्यांनी आधी शर्ट काढला, मग बनियन. मग ते विजेच्या खांबाला पाठ लावून वरखाली व्हायला लागले. गोमाजीनं जुना उपाय म्हणून रस्त्यावरचं ताजं शेण उचललं आणि साहेबांच्या पाठीला थापायला सुरुवात केली. साहेब दोन्ही हात वर करून गिरक्या घेत होते आणि ओरडत होते, "सोड मले गोमाजी, सोड मले." गोमाजी त्यांना कवेत धरून म्हणत होता, "साहेब, लोक पाहून राह्यले."

लोक पाहतच होते. एक मोटारसायकलवाला थांबला, त्यानं फोन काढला, हवं तेवढं घेतलं आणि निघून गेला. काय झालं, हे विचारायला तो थांबला नाही. विचारलं असतं तर व्हिडिओची मजा गेली असती.

संध्याकाळपर्यंत त्या व्हिडिओला ढोलकी लागली होती. खाली लिहिलं होतं, 'दारूबंदी जिल्ह्यातले साहेब, भर दुपारी फुल टाइट.' शर्ट काढण्याच्या आधीचं सगळं कापलेलं. उरलं होतं ते फक्त नाचणं, खांब आणि शेण. प्रामाणिकपणे सांगायचं तर तो व्हिडिओ पाहून तुम्हीही तेच म्हटलं असतं.

रत्नदीप आंघोळ करून, अंगाला खोबरेल चोळून बसले होते तेव्हा कमलाबाईंनी हाक मारली. "इकडे ये. जवळ ये अजून."

आई गालावरून हात फिरवणार, असं वाटून रत्नदीप वाकले. कमलाबाईंनी त्यांचं तोंड हुंगलं.

"आई, तू बी?"

"आई म्हणून नाई हुंगलं," कमलाबाई शांतपणे म्हणाल्या. "अध्यक्ष म्हणून हुंगलं. आता कोणी इचारलं तर छातीठोक सांगता येते."

पण विचारायला कोणी आलंच नाही. लोक विचारत असते तर बरं झालं असतं. मंडळातल्या एकीनं कुठंतरी म्हटलं, "लोकाइच्या घरच्या हंड्या फोडत फिरे, आपल्या घरचं झाकून ठेवलं होतं." ते फिरत फिरत कमलाबाईंच्या कानावर आलं. पुढच्या बैठकीचा निरोप त्यांना आला नाही. त्यांनी काठी दाराआड ठेवली आणि त्या दिवसभर तांदूळ निवडत बसल्या. निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडत होत्या. रत्नदीपना निलंबनाचा आदेश मिळाला तेव्हा जेवढं लागलं नव्हतं, तेवढं ते तांदूळ पाहून लागलं.

निलंबनाचा आदेश गटविकास अधिकारी निंभोरकर साहेबांच्या सहीचा होता. निंभोरकर माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त फोनची भीती वाटायची. वरून फोन आला की तो खुर्चीतून अर्धा उठून बोलायचा. 'कर्तव्यावर असताना मद्यधुंद अवस्थेत आढळून आल्याने' असं आदेशात होतं. कोणाला आढळून आले, हे नव्हतं. निलंबनाच्या काळात रोज पंचायत समितीत हजेरी लावून बसायचं, काम मात्र करायचं नाही, अशी अट. बरेच लोक नोकरी लागल्यापासून हेच करतात, पण त्यांना पूर्ण पगार मिळतो.

रत्नदीप बाहेरच्या बाकावर बसायचे. समोरून कचऱ्याची घंटागाडी जायची आणि तिच्या भोंग्यातून त्यांचाच आवाज यायचा. मागच्या वर्षी व्यसनमुक्ती सप्ताहात त्यांनी तो रेकॉर्ड करून दिला होता. 'बंधूंनो, दारूनं माणसाची शुद्ध जाते, पद जातं, प्रतिष्ठा जाते.' गाडीवाला त्यांच्यासमोर आला की आदरानं आवाज थोडा कमी करायचा. त्याच्या या सौजन्यानं उलट सगळ्यांचं लक्ष जायचं.

बाकावर सल्ला फुकट मिळत होता. शेजारचे बापूराव, सरकारी नोकरीतून निवृत्त, मुद्दाम पुलगावहून बस धरून आले. पिशवीत संत्री होती. आजाऱ्याला भेटायला आल्यासारखी.

"कबूल करून टाका," त्यांनी संत्रं सोलत सांगितलं.

"काय कबूल करू?"

"थोडी घेतली होती म्हणा. थंडी होती म्हणा. पयलाच प्रसंग आहे म्हणा. पयल्या प्रसंगाले सरकार माफ करते."

"पण पहिला प्रसंग झालाच नाही ना, बापूराव."

"मंग तर अजूनच चांगलं. कबूल केल्यावर पुन्हा होणारच नाई." बापूरावांनी अर्धं संत्रं त्यांच्या हातावर ठेवलं. "तुमची चूक अशी हाये भाऊ, का तुम्ही खरं बोलून राह्यले. खऱ्याले कॉलम नसते."

दुसऱ्या एका गृहस्थानं सायकल लावली, आजूबाजूला पाहिलं आणि बाकाच्या टोकाशी बसून हळूच विचारलं, "साहेब, माल कुठचा होता?"

"कसला माल?"

"लाजू नका. आमच्या इकडची घेतली का माणूस झोपते. नाचत नाई. म्या व्हिडिओ तीनदा पाह्यला. काय ताकद, काय ताकद." त्याच्या डोळ्यांत खरीखुरी भक्ती होती. रत्नदीपना आयुष्यात एवढा मान कोणत्याही ग्रामसभेत मिळाला नव्हता.

घरी पौर्णिमानं मात्र सल्ला दिला नाही. तिनं शाळेतल्या स्टाफरूममध्ये तो व्हिडिओ स्वतः सगळ्यांना दाखवला आणि विचारलं, "यात बाटली कुठं दिसते ते बोट ठेवून सांगा." कोणी बोट ठेवलं नाही. संध्याकाळी ती नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही नाही प्याले तर नाहीच प्याले. वर्ष लागलं तरी चालेल. आपण कमी खाऊ."

मग रत्नदीप कामाला लागले. आधी सरकारी दवाखाना. डॉक्टरांनी रक्त घेतलं, डोळ्यांत बॅटरी मारली, रेघेवर चालून दाखवायला लावलं आणि लिहून दिलं, 'आज रोजी तपासले असता सदर इसम शुद्धीत आहे.'

"डॉक्टरसाहेब, त्या दिवशीचं पाहिजे."

"त्या दिवशी तुम्ही माझ्याकडे आले होते का?"

"त्या दिवशी मी प्यालोच नव्हतो तर तुमच्याकडे कशाला येऊ?"

"तेच म्हणतो मी," डॉक्टर म्हणाले. "न पिणारे येतच नाहीत. म्हणून त्यांचं रेकॉर्ड राहत नाही."

निंभोरकर साहेबांनी तो कागद वाचून मान डोलावली. "आज रोजी शुद्धीत. म्हणजे, थूल, याचा अर्थ त्या दिवशी नव्हते असा निघतो."

तिथून रत्नदीप पोलीस ठाण्यात गेले. आता त्यांचं डोकं तापलं होतं, आणि तापलेल्या डोक्याला कायदा फार स्पष्ट दिसतो. जिल्ह्यात दारूबंदी आहे. विनापरवाना दारू पिणं गुन्हा आहे. सबब, "मी दारू प्यालो असेन तर माझ्यावर गुन्हा दाखल करा," त्यांनी हवालदाराला सांगितलं.

हवालदारानं वर पाहिलं. आयुष्यभर त्यानं लोकांना नको नको म्हणताना पाहिलं होतं. "प्याले का तुम्ही?"

"नाही."

"मंग काऊन गुन्हा दाखल करू?"

"मग गुन्हा घडला नाही असं लिहून द्या."

हवालदारानं पेन खाली ठेवला. "साहेब, या ठाण्याच्या हद्दीत रोज लाखो गुन्हे घडत नाईत. ते सगळे लिहत बसलो तर घडलेले कधी लिहू?" मग त्याला दया आली. त्यानं चहा मागवला. "घरी जा. दोन दिवस आराम करा. सुटते हळूहळू."

"काय सुटते?"

हवालदारानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

निंभोरकर साहेबांनी एके दिवशी त्यांना आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. सुटकेचा मार्ग सापडल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होता. व्यसनमुक्तीचा मेळावा ठरत होता. त्यात व्यसन सोडलेल्या एका कर्मचाऱ्याचा सत्कार करायचा होता. शाल, श्रीफळ आणि त्याच मंचावर पुन्हा कामावर घेतल्याची घोषणा. तालुक्यात खूप शोधूनही व्यसन सोडलेला कर्मचारी मिळत नव्हता. ज्यांना होतं त्यांनी सोडलं नव्हतं.

"तुम्ही फक्त मंचावर येऊन म्हणायचं, मी सोडली. दोन शब्द. फाईल बंद, तुम्ही सोमवारी कामावर."

रत्नदीप खुर्चीतून उठले. त्यांना बापूरावांचं संत्रं आठवलं, आईचे तांदूळ आठवले, आणि एक क्षण, खोटं कशाला बोला, सोमवारही आठवला. सोमवारी स्वतःच्या टेबलामागं बसणं फार गोड वाटलं.

"साहेब, सोडायला आधी धरावी लागते," ते म्हणाले. "माझी आई मंचासमोर बसेल. तिच्या डोळ्यांदेखत मी न केलेलं पाप सोडू? शाल दुसऱ्या कोणाला द्या. मला चौकशी पाहिजे."

"चौकशीत काही होऊ शकतं, थूल."

"होऊ द्या. आत्ता काय फार चांगलं चाललंय?"

चौकशी अधिकारी म्हणून जिल्ह्यावरून भावना मोहोड मॅडम आल्या. कमी बोलणाऱ्या, आणि समोरच्याला बोलू देणाऱ्या. अशा माणसापुढे साक्षीदार हमखास फसतो. एकमेव साक्षीदार होता गोमाजी. त्यानं त्या दिवसासाठी नवीन टोपी घेतली होती आणि साहेबांना वाचवायचंच, असा निश्चय केला होता.

"थूल साहेब दारू पितात का?" मॅडमनी विचारलं.

"कधीच नाई," गोमाजी ठणकावून म्हणाला. "म्या सोता कितीकदा आग्रह केला. हात जोडले. एक घोट घ्या म्हटलं, मोहाची हाये, घरची हाये. पण नाई म्हणजे नाई."

निंभोरकर साहेबांनी कपाळाला हात लावला. गोमाजीच्या लक्षात आलं की आपण कुठंतरी जास्त बोललो, पण नेमकं कुठं, ते त्याला कळेना. म्हणून त्यानं भरपाई करायला आणखी सांगितलं, "त्या दिवशी तर म्या बी घेतली नव्हती."

मॅडम हसल्या नाहीत, पण त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. "तुम्हाला कुयरी कशी नाही लागली?"

"मी वाऱ्याच्या अल्याड होतो ना, बाई."

निंभोरकर म्हणाले, "मॅडम, ही सगळी बनवाबनवी आहे. एवढ्याशा शेंगेनं पदवीधर माणूस कपडे काढून नाचेल?"

"मग पाहून येऊ," मॅडम म्हणाल्या.

पांदणीवर गाडी पोचली तेव्हा निम्मं कुरणखेडा तिथं आधीच उभं होतं. गावात बातमी गाडीच्या पुढे धावते. बाभळीवरचा वेल तसाच होता, शेंगा अजून वाळलेल्या. रत्नदीप लांब उभे राहिले आणि त्यांनी हात करून दाखवला. मॅडमही लांबच थांबल्या. पण निंभोरकर साहेबांना आपला मुद्दा सिद्ध करायचा होता, आणि अंगात पांढरा शुभ्र शर्ट होता.

"साहेब, त्याले हात नका लावू," गोमाजी म्हणाला.

"काही होत नाही. हे पहा." साहेबांनी शेंग तोडली, तळहातावर घेतली, दोन बोटांनी चोळली, आणि सवयीनं तोच हात मानेवरून फिरवला.

क्षणभर काहीच झालं नाही, आणि साहेबांनी विजयी मुद्रेनं सगळ्यांकडे पाहिलं. मग ती मुद्रा हळूहळू विरघळली. एक खांदा आपोआप वर गेला, मग दुसरा. साहेबांनी टाय सोडला. मग शर्टाची बटणं सोडायला वेळ नाही असं लक्षात आल्यावर ती तोडली. त्यांनी खांबाकडे धाव घेतली. विजेचा खांब तिथं एकच होता, आणि तो याआधीच प्रसिद्ध झालेला होता. गोमाजी आपलं कर्तव्य ओळखून शेण शोधायला पळाला.

गर्दीतून फोन वर आले. सगळीकडून आले, जणू तुरीला एकदम फूल यावं. आता या व्हिडिओला कोणती ढोलकी लागेल, खाली काय लिहिलं जाईल, हे रत्नदीपना डोळ्यांसमोर स्पष्ट दिसलं. त्यांना बाकावरच्या दुपारी आठवल्या. साहेबांची सही आठवली. इथं गोष्ट अशी सांगता आली असती की त्यांच्या मनात काहीच आलं नाही. पण आलं. मनसोक्त आलं. एक गिरकी तर त्यांनी पूर्ण पाहून घेतली.

मग ते साहेबांच्या आणि फोनांच्या मध्ये जाऊन उभे राहिले, हात पसरून. "फोन खाली घ्या."

"काऊन साहेब, यायनं तर तुमची वाट लावली," गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

"माझ्यासाठी कोणी असं उभं नव्हतं राहिलं म्हणून ही पाळी आली. खाली घ्या म्हणतो. ज्याच्या फोनात व्हिडिओ राहील त्याच्या धुऱ्यापासून, कामावर परत आलो की, पांदणीचं मोजमाप सुरू करीन."

फोन झपाझप खाली गेले. कायद्याची भीती नसते, धुऱ्याची असते.

गोमाजीनं साहेबांना शेण लावलं. लावताना तो प्रेमानं म्हणाला, "साहेब, तुमचा तर म्या वासच घेतला. तुम्ही बी नाई घेतलेली." मोहोड मॅडम पाठ करून तुरीच्या शेताकडे बघत उभ्या होत्या. त्यांचे खांदे हलत होते, पण ते कुयरीमुळे नव्हतं.

मॅडमचा अहवाल गेला. संध्याकाळी कुरणखेड्यातल्या बायांनी कमलाबाईंच्या मंडळाला फोनवर सगळं सांगितलं, आणि जिनं बोल लावला होता तीच घरी आली. कमलाबाईंनी तिला चहा दिला. फक्त साखर कमी टाकली.

काही दिवसांनी साहेबांनी रत्नदीपना बोलावलं. मानेवर अजून पुरळ होतं. त्यांनी आदेश पुढे केला. "घ्या. आजपासून रुजू."

रत्नदीपनी आदेश उभ्याउभ्या वाचला. सरकारी कागद शेवटपर्यंत वाचायची त्यांना वाईट सवय होती. 'आरोप सिद्ध होत नसल्याने, भविष्यात अशा प्रकारची पुनरावृत्ती न करण्याची सक्त ताकीद देऊन, कामावर रुजू करून घेण्यात येत आहे.'

त्यांनी कागद टेबलावर परत ठेवला.

"काय झालं?"

"पुनरावृत्ती कशाची, साहेब?"

"अहो, ते छापीलच असतं. नमुनाच तसा आहे."

"मी जे केलंच नाही ते पुन्हा करू नको, अशी ताकीद आहे यात. ही सही करून घेतली तर एकदा केलं होतं, असं होतं. उद्या माझ्या फाईलमध्ये हेच राहील. व्हिडिओ लोक विसरतील. फाईल विसरत नाही."

"थूल, तुमची नोकरी परत मिळतेय. घ्या आणि जा."

"मी बाहेर बाकावर बसतो. सवय आहे मला."

ते खरंच दाराकडे वळले. निंभोरकर साहेबांनी फोनकडे पाहिलं. फोन वाजत नव्हता. मानेवरचं पुरळ त्यांनी नकळत खाजवलं. मग त्यांनी हाक मारली, पेन उघडला, आणि 'भविष्यात'पासून 'देऊन'पर्यंतच्या शब्दांवर एक सरळ रेघ मारली. कागद पुढे सरकवत म्हणाले, "झालं समाधान?"

रत्नदीपनी कागद हातात घेतला, उजेडाकडे धरून रेघ नीट पाहिली आणि पुन्हा टेबलावर ठेवला.

"खाडाखोड केली की बाजूला सही लागते, साहेब."